'सैन्य पाठवा' म्हणणाऱ्यांनी आधी स्रेब्रेनित्सा बघा

बोस्नियाच्या बातमीखाली आज पुन्हा तेच: "यूएनचं सैन्य पाठवा, विषय संपवा." डोकं फिरलं. अरे, सैन्य होतंच ना! बोस्नियाच्या युद्धात 11 जुलै 1995 ला बोस्नियन सर्ब सैन्याने स्रेब्रेनित्सा हे गाव घेतलं, तेव्हा तिथे यूएनचेच सैनिक होते.

यूएनने जाहीर केलेली सहा 'सुरक्षित क्षेत्रं' (स्रेब्रेनित्सा त्यातलंच एक) राखायला यूएनच्या सरचिटणीसांनी 34,000 सैनिक मागितले, सुरक्षा परिषदेने 7,600 मंजूर केले. स्रेब्रेनित्साला मिळाले काहीशे डच, तेही हलक्या शस्त्रांचे. रस्ते सर्ब सैन्याच्या हाती, त्यामुळे डिझेलची बोंब. विमानं बोलवायची तर यूएन आणि नाटो, दोघांचा होकार हवा. त्या दुपारी दोन विमानांनी बाँब टाकले. "पकडलेले डच मारू," अशी सर्बांची धमकी आली आणि हल्ले थांबले. पुढच्या काही दिवसांत सर्ब सैन्याने 8,000 हून अधिक बोस्नियन मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. हे लिहितानाही हात जड होतो.

यूएनच्या या फौजेचे पहिले सेनापती आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सतीश नंबियार. 1992 मध्ये कामगिरी दिली क्रोएशियाची, मुख्यालय साराएवोत. तिथेच युद्ध पेटलं तेव्हा ते थांबवायचा अधिकारच त्यांच्याकडे नव्हता. सैनिकांना काय दोष द्यायचा?

नाटोच्या बाँबहल्ल्यांनी शेवटी सर्ब नेते वाटाघाटींना बसले, मान्य. पण ते हल्ले सुरू झाले 30 ऑगस्टला, आणि त्याआधी गोराझ्दे या दुसऱ्या सुरक्षित क्षेत्रातून ब्रिटिश सैनिक काढून घेतले होते, म्हणजे ओलीस धरायला तिथे कोणी उरलं नव्हतं. यूएनच्या होकाराचा अधिकार मैदानावरच्या जनरलकडे आला होता. आणि जमिनीवर क्रोएशियन व बोस्नियन फौजा पुढे सरकत होत्या. यातलं काही नसताना बाँब टाकले तर 11 जुलैच होणार.

उद्या रिपब्लिका स्र्प्स्का, म्हणजे बोस्नियातला सर्बांचा स्वायत्त भाग, फुटून निघालीच, तर घोडं अडेल ब्रच्कोत. तिचे दोन तुकडे जोडणारी वाट याच स्वतंत्र जिल्ह्यातून जाते, म्हणून माझ्या मते पहिली झटापट तिथेच होईल. बोस्नियात शांतता राखायला असलेल्या युरोपीय संघाच्या फौजेचा मुख्य तळ मात्र साराएवोजवळ बुटमिरला, काही तासांच्या रस्त्यावर. 2022 मध्ये जादा 500 जण आणले तेव्हा कुठे संख्या 1,100 च्या आसपास गेली. परवानगीही सुरक्षा परिषदेकडून वर्षावर्षाने घ्यायची, आणि तिथे रशियाचा नकाराधिकार आहे.

तेव्हा "पाठवा" म्हणणाऱ्यांनी एवढं सांगा: ब्रच्कोत किती, गोळी झाडायचा हुकूम कोणाचा, आणि रस्ता अडवला तर डिझेल कुठून?