हिटलरचं ‘खरं’ आडनाव: एक खुलासा

‘हिटलरचं खरं आडनाव शिकलग्रुबर, सत्तेसाठी त्याने ते बदललं’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. अडॉल्फ २० एप्रिल १८८९ रोजी ब्राउनाऊ इथे जन्मला तो हिटलर म्हणूनच. आडनाव बदललं त्याच्या वडिलांचं, तेही तेरा वर्षं आधी.

वडील आलोईस १८३७ मध्ये ऑस्ट्रियातल्या स्ट्रोनेस गावी अविवाहित मारिया आना शिकलग्रुबरच्या पोटी जन्मले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचा रकाना कोराच राहिला. १८४२ मध्ये तिने योहान गेओर्ग हीडलरशी लग्न केलं, तरी मुलगा शिकलग्रुबरच राहिला. १८७६ मध्ये, कस्टममधल्या नोकरीत स्थिरावलेला आलोईस एकोणचाळीस वर्षांचा असताना, तीन साक्षीदारांच्या जबाबावरून डोलर्सहाइमच्या पाद्रीने त्या रकान्यात नाव भरलं: गेओर्ग हिटलर. तो गृहस्थ एकोणीस वर्षांपूर्वीच वारला होता!

हीडलर, ह्युटलर, हिटलर ही त्या भागात एकाच आडनावाची रूपं. लिहिणाऱ्याच्या कानाला आलं ते वहीत उतरलं. मुळातच विरळ असलेलं हे आडनाव १९४५ नंतर जवळपास दिसेनासं झालं. ‘शिकलग्रुबर’ची चर्चा पुढे विरोधकांनी हेटाळणीसाठी केली. हिटलरच्या गुन्ह्यांची नोंद एवढी भक्कम आहे की त्यात खोट्याची भर नको.