रकान्यातला कुत्रा

भाड्याच्या घरांबद्दलचा एक मजकूर हातोहात फिरतोय. सारांश असा: पिटबुल, रॉटवायलर, डोबरमन या जाती जन्मतःच हिंस्र, आकडेच तसं सांगतात. म्हणून घरमालकाने जातींची यादी करावी आणि असा कुत्रा असलेल्या भाडेकरूला सरळ नकार द्यावा. बंदी घातली की चावे थांबतात. विमा कंपन्याही तेच म्हणतात. ज्याला पटत नाही त्याने दुसरं घर बघावं.

बोलणं रोखठोक आहे. पण एकेक धागा ओढला की उसवत जातं.

‘जन्मतःच हिंस्र’ इथूनच सुरुवात करू. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात 18,000 हून जास्त कुत्र्यांची माहिती पालकांकडून घेऊन केलेला अभ्यास छापून आला. कुत्र्याकुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीवरून उलगडतो तो जेमतेम 9 टक्के. सांगितलेलं ऐकण्याबाबत जातीवरून थोडाफार अंदाज येतो. कुत्रा किती पटकन बिथरेल, हे मात्र जातीवरून जवळपास कळतच नाही. म्हणजे घरमालकाला जे जाणून घ्यायचंय, नेमकं तिथेच यादी मुकी.

आता आकडे. इथे जरा थांबू, कारण आकडा खोटा नाही. अमेरिकेत 1979 ते 1998 या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यातल्या ज्या 238 मृत्यूंत जात नोंदलेली होती, त्यांतल्या निम्म्याहून अधिक घटनांत पिटबुल प्रकारचे कुत्रे आणि रॉटवायलर होते. पण त्याच नोंदींत किमान 25 जाती आहेत. शिवाय मुळात कोणत्या जातीचे किती कुत्रे पाळलेले आहेत हेच ठाऊक नसल्याने, यावरून जातीचा धोका मोजता येत नाही, असं तो अभ्यास लिहिणाऱ्यांनीच बजावलं होतं. मजकूर पुढे ढकलताना तेवढं वाक्य गळलं! पुढे 2000 ते 2009 मधल्या 256 मृत्यूंची खोलात जाऊन माहिती काढली गेली, तेव्हा जात खात्रीने सांगता आली ती फक्त 18 टक्के घटनांत. उलट 84 टक्के घटनांत कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती आणि 76 टक्के घटनांत तो माणसांच्या रोजच्या सहवासापासून तुटलेला होता. अर्जात यातलं काही विचारतात का? रकाना एकच: ब्रीड.

आणि तो रकाना भरतो कोण? पिटबुल ही मुळात एक जात नाही, दोन-तीन टेरियर जातींना आणि त्यांच्यासारख्या दिसणाऱ्यांना मिळून पडलेलं नाव आहे. फ्लोरिडात चार शेल्टरमधल्या 120 कुत्र्यांची डीएनए तपासणी केली, त्यांतल्या 25 जणांत पिटबुल वंशाचा अंश सापडला. रोज कुत्रे हाताळणाऱ्या तिथल्या कर्मचाऱ्यांनी नुसतं बघून त्याच्या दुपटीहून जास्त कुत्र्यांवर तो शिक्का मारला होता, आणि काही खरे त्यांच्या नजरेतून निसटलेही.

आमच्या भुरीच्या लसीच्या पुस्तकात एका डॉक्टरांनी ‘बॉक्सर क्रॉस’ लिहिलंय, दुसऱ्यांनी ‘लॅब क्रॉस’. घर दाखवणाऱ्या एजंटने मोबाइलवरचा तिचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, “कपाळ रुंद आहे हो,” म्हणाला आणि अर्ज बाजूला ठेवला. भुरी त्या वेळी खाली गाडीत माझ्या बायकोच्या मांडीवर मान टाकून झोपली होती. एक जिना उतरायचा होता फक्त.

मोठ्या कुत्र्याचा चावा छोट्याच्या चाव्यापेक्षा भयंकर असतो, हे मान्य. मग वजन विचारा. लॅब्राडॉरही 30 किलोंचा असतो, पण त्याचं नाव मी अजून कुठल्या यादीत पाहिलेलं नाही.

‘बंदी घातली की चावे थांबतात’ हे तर अख्ख्या देशाने करून पाहिलंय. नेदरलँड्सने 1993 मध्ये पिटबुलवर बंदी आणली, चावे कमी होईनात म्हणून 2008 मध्ये ती उठवली. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराची 1989 ची बंदी 2020 मध्ये मतदारांनीच मोडीत काढली.

विम्याचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्यात घरमालकाला दोष देऊन उपयोग नाही. जातीवरून विमा नाकारणाऱ्या कंपन्या आहेत. पण तो काही दगडावरचा लेख नव्हे: अमेरिकेतल्या नेव्हाडा आणि न्यूयॉर्क या राज्यांनी 2021 मध्ये कायदे करून घरांच्या विम्यात जात बघायला कंपन्यांना मनाई केली. जिथे असा कायदा नाही तिथे कुत्र्यापासून होणाऱ्या नुकसानीचा विमा भाडेकरूने स्वतःच्या नावावर काढावा, अशी अट करारात घालता येते. आम्ही ती आनंदाने पाळली असती.

राहिलं ‘दुसरं घर बघा’. बघतात ना लोक. कुणी रकान्यात गुपचूप ‘लॅब मिक्स’ लिहितो. कुणी कुत्रा लपवतो, दिवसा बाहेर काढतच नाही, आणि कोंडलेला कुत्रा दाराशी प्रत्येक पावलावर भुंकत राहतो. कुणी त्याला शेल्टरमध्ये सोडून येतो. यातल्या कशाने इमारत जास्त सुरक्षित झाली, ते त्या मजकुरात लिहिलेलं नाही.

आम्हाला शेवटी ज्यांनी घर दिलं त्या काकांनी जात विचारलीच नाही. नसबंदी झालीय का, दिवसातून किती तास एकटी असते, आधीच्या घरमालकाचा नंबर द्या, इतकंच विचारलं. मग म्हणाले, “तिला घेऊन या, बघतो.” आधीच्या मालकांना त्यांनी खरंच फोन लावला, आमच्यासमोर, स्पीकरवर. भुरीने स्वयंपाकघराचं दार खरवडलं होतं, हेही तिकडून सांगितलं गेलं. काकांनी ते करारात लिहून घेतलं: दाराचा खर्च भाडेकरूचा.