ग्वानो, जास्वंद आणि ‘कितीही घाला’

बागकामवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: ‘ग्वानो म्हणजे पक्ष्यांची आणि वटवाघळांची विष्ठा. शंभर टक्के सेंद्रिय, त्यामुळे कितीही घाला, झाड जळत नाही. फॉस्फरस भरपूर, म्हणून फुलंच फुलं. निसर्गाला धक्का न लावता मिळतं. आणि गॅलरीत कबुतरं येत असतील तर तुम्हाला फुकट!’ मला तो चौघांनी पाठवला, म्हणून एकदाच लिहिते.

‘झाड जळत नाही.’ ताजं कोंबडीखत घातलं की रोप करपतं, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. ‘गरम खत’ म्हणतात त्याला. ग्वानोही त्याच जातीचा. पक्ष्यांच्या शिटेत नत्र (नायट्रोजन) मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात असतं आणि मातीतले जिवाणू त्याचा अमोनिया करतात. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या चांगल्या ग्वानोत दहा टक्क्यांच्याही वर. मी शेणखताच्या सवयीने दहा इंची कुंडीतल्या जास्वंदीला दोन मुठी घातला होता, तोही मे महिन्यात. चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी, मातीवर क्षारांचा पांढरा पापुद्रा. खालून धो धो वाहीपर्यंत तीनदा पाणी दिलं, तरी अर्ध्या फांद्या गेल्याच. सेंद्रिय असलं म्हणून काय झालं, क्षार ते क्षारच.

‘फॉस्फरस भरपूर.’ कुठल्या ग्वानोत? पेरूच्या किनाऱ्यावर पाऊस जवळपास पडतच नाही, म्हणून तिथल्या ग्वानोत नत्र टिकतं. पाऊस लागलेल्या किंवा फार जुन्या साठ्यातलं नत्र निघून जातं, स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मागे राहतं. म्हणून एका पाकिटावर 10-3-1 तर दुसऱ्यावर 3-10-1 असे आकडे (नत्र-स्फुरद-पालाश, टक्क्यांत) दिसतात. नाव एकच, खतं दोन. पाकीट उलटून वाचा.

आता ‘म्हणून फुलंच फुलं’. इथेच खरी गोची आहे. झाडाला स्फुरद लागतं, पण नत्राच्या मानाने फारच थोडं. कमतरता असेल तर घातल्याचा उपयोग होतो. जास्त घातल्याने जास्त कळ्या येत नाहीत. शेवंती रात्र मोठी झाली की कळ्या धरते. तिच्या कुंडीवर रात्रभर दिवा जळत असेल तर ग्वानोचं पोतं ओतलंत तरी ती रुसूनच बसेल. मोगऱ्याला छाटणी हवी आणि कडक ऊन. जास्वंदीला तर जादा स्फुरद सोसतच नाही: मुळांना लोह मिळेनासं होतं, कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते बघून आपण म्हणतो ‘खत कमी पडलंय’, आणि अजून एक चमचा टाकतो!

‘निसर्गाला धक्का नाही’ म्हणणाऱ्यांनी पेरूच्या चिंचा बेटांचा इतिहास वाचावा. काही ठिकाणी दीडशे फुटांपर्यंत साचलेला ग्वानोचा थर 1840 नंतरच्या तीसेक वर्षांत खरवडून संपवला, तोही करारावर आणलेल्या चिनी मजुरांना अक्षरशः राबवून.

राहिली कबुतरं. ही गोष्ट मात्र गमतीवारी नेऊ नका. वाळलेली शीट खरवडली की धूळ उडते आणि तिच्यातून क्रिप्टोकॉकस, हिस्टोप्लाझ्मासारख्या बुरशींचे कण फुफ्फुसात जातात. काहींना नुसत्या ॲलर्जीनेच फुफ्फुसाची सूज येते. 2025मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हीच भीती होती. गॅलरी साफ करायचीच असेल तर मास्क लावून, आधी पाणी मारून ओली करा आणि ती घाण कुंडीत नको, कचऱ्यात टाका. गुहेतून वटवाघळांची विष्ठा पिशवीत भरून आणायची कल्पना तर सोडूनच द्या. तीच धूळ, तीच बुरशी, वर त्या बिचाऱ्यांची झोपमोड.

मी ग्वानो वापरणं सोडलेलं नाही. त्याच दहा इंची कुंडीला सपाट चमचाभर, कंपोस्टमध्ये मिसळून, दोन महिन्यांतून एकदा, उन्हाळा सोडून. ती जास्वंद जगली. फुलं मात्र पुढच्या वर्षी आली, वरच्या मजल्यावरच्यांनी ताडपत्री काढली आणि कुंडीवर सकाळचं ऊन पडायला लागलं तेव्हा.