मिश्री लावणारी बाई ‘नाही’च म्हणणार

महाराष्ट्रात धूम्रपान तसं कमीच, असं तिथल्या चर्चेत हमखास ऐकू येतं. आकडाही सोबतीला असतो. २०१६-१७च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यात ओढणारे ३.८ टक्के, ब्रिटनमध्ये २०२३ सालीही ११.९. पण त्याच सर्वेक्षणात खाणारे, मळणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के आहेत, आणि तेही २०१२च्या गुटखाबंदीनंतर.

इंग्लंडमध्ये मधुमेहाच्या रुग्णाच्या वर्षाच्या नऊ तपासण्या ठरलेल्या आहेत. एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, पाय, डोळे, वजन यांच्या जोडीला धूम्रपानाची नोंद. ही शिस्त उचलण्यासारखीच आहे, कारण ओढणाऱ्याला टाइप २ मधुमेहाचा धोका ३० ते ४० टक्के जास्त असतो. निकोटिनने ॲड्रेनलिन वाढतं, साठलेल्या चरबीतून फॅटी ॲसिड रक्तात उतरतात आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. वरून माणूस सडपातळ, पोट मात्र सुटलेलं.

घोळ होतो तो इंग्लंडचा फॉर्म महाराष्ट्रात जसाच्या तसा उचलला की. रोज सकाळी मिश्री लावणारी बाई ‘धूम्रपान करता का?’ला अगदी खरेपणाने ‘नाही’ म्हणेल. इंग्लंडमधली तंबाखू सोडल्याची खातरजमाही धुराचीच: १५ सेकंद श्वास रोखायचा, यंत्रात सावकाश सोडायचा, कार्बन मोनॉक्साइड १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भाग) खाली हवा. तंबाखू गालात धरणारा त्यात रोज पास. भारतातली ई-सिगारेटवरची २०१९ची बंदी उठवा म्हणणारेही ब्रिटनचाच दाखला देतात, की तिथे सिगारेट सोडायला ई-सिगारेट सुचवतात; तो दाखला सिगारेटवाल्याचा, मिश्रीला त्याचा काय उपयोग? खाण्याच्या तंबाखूचा मधुमेहाशी संबंध सिगारेटइतका पक्का सिद्ध झालेला नाही, हे मान्य. पण निकोटिन रक्तात जातंच, तेव्हा न विचारण्याला ही सबब पुरत नाही.

‘सोडली की वजन वाढतं, शुगर चढते’ हा आपल्याकडचा दुसरा लाडका मुद्दा. तो निम्मा खरा आहे. पहिल्या वर्षात चार-पाच किलो वाढू शकतात, आणि ज्यांचं वजन वाढतं त्यांचा मधुमेहाचा धोका काही वर्षं वर राहून मग उतरतो. मृत्यूचा धोका मात्र वजन वाढूनही घटतो. उलट इन्सुलिन घेणाऱ्याने सोडल्यावर साखर वरचेवर तपासावी; शरीर इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागतं आणि जुना डोस जड होऊन साखर एकदम खाली येऊ शकते.

म्हणून प्रश्नच बदलायला हवा: ‘तोंडात काय धरता, आणि उठल्यावर किती वेळात?’ सिगारेटवाल्याला ती सोडायला देतात ती चघळायची निकोटिन गोळी (निकोटिन गम) याच उत्तरावर ठरते. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २. तंबाखू खाणाऱ्याच्या सवयीचा अंदाजही याच उत्तरावरून बांधता येतो. ही गोळी फसते ती साध्या च्युइंगमसारखी भराभर चावल्याने. निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते आणि तलफ तशीच. हळू चावायची, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा दोनदा चावायची. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा आंबट काही नको, कारण आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. चुना लावून मळणाऱ्याला हे समजावायला दोन वाक्यं पुरतात: चुना तंबाखूला चढवतो, लिंबू सरबत गोळीला पाडतं.