द्राक्षं पिकवणाऱ्याला वाइन काय शिकवणार? : एका प्रतिक्रियेला उत्तर

बाग आणि टाकी दोन्ही शिकवणारा वाइनचा कोर्स सुचवणाऱ्या माझ्या लेखाखाली 'एक बागायतदार' या नावाने आलेली प्रतिक्रिया आधी इथे देतो, कारण उत्तर लांबलं आहे. "एसीत बसून लिहिलेला लेख. आमच्या तीन पिढ्या द्राक्षात गेल्या. द्राक्षं पिकवणाऱ्याला वाइनची द्राक्षं वेगळी शिकावी लागत नाहीत. राहिली वाइन, तर रस काढायचा आणि यीस्ट टाकायचं. फी किती, ती भरून निघते का, नोकरी कुठे मिळते, यावर एक ओळ नाही. खरड छाटणी मार्चमध्ये लिहिलीय, त्यावरूनच काय ते कळलं."

महिन्याचं आपलं बरोबर आहे. नाशिक-दिंडोरीकडे खरड छाटणी (तोडणीनंतर काड्या आखूड कापण्याची) एप्रिलची धरतात. मार्चअखेरीला कात्री लावणारेही असतात, पण चूक ती चूक. 'एसीत बसून'चं म्हणाल, तर पांढऱ्या वाइनचं फर्मेंटेशन (रस आंबवणं) 14 ते 16 अंशांवर चालवावं लागतं, त्यामुळे टाकीपाशी थंडावा असतो हे खरं. टोमण्याशिवाय हेच विचारलं असतं तर उत्तरही एवढं लांबलं नसतं. बाग आणि टाकी दोन्हीकडे बरीच वर्षं गेलेला माणूस हे लिहितो आहे, एवढंच सांगतो आणि मुद्द्यावर येतो.

मुद्दा एकच: 'वेगळी शिकावी लागत नाहीत.' आपलं थॉमसनचं (खायच्या द्राक्षाच्या जातीचं) ज्ञान मोठं असेल, शंका नाही. पण ते ज्ञान मणी फुगवण्याचं आहे. जीएचं (मणी मोठा करणारं जिबरेलिक ॲसिड) डिपिंग, विरळणी, 16-18 मिलिमीटरचा मणी, पातळ साल, सोळा-सतरा ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) गोडी आली की तोडणी. वाइनला यातलं जवळजवळ सगळं उलट लागतं. लाल वाइनचा रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) मुख्यतः सालीतून येतात, गरातून नाही. मणी जेवढा लहान, तेवढी रसाच्या मानाने साल जास्त. शिराझच्या (कॅबर्नेसारखी लाल वाइनची जात) घडाला जीए देऊन मणी मोठा केलात तर वजन वाढेल आणि वाइन पाणचट होईल. थॉमसनचा एकरी दहा-बारा टन माल निघाला की आपण खूश. कॅबर्नेचा तेवढा काढला तर गोडी येईपर्यंत रंगाची बोंब. चांगल्या लाल वाइनसाठी एकरी चार-पाच टनांवर थांबतात, जादा घड मण्यांत पाणी उतरायच्या (मणी मऊ होऊन पिकू लागायच्या) आधीच खाली टाकतात. तीन पिढ्यांच्या हाताला हे जमतं का, ते आपणच सांगा.

छाटणीचंही तसंच. खरड आणि गोडी (ऑक्टोबरातली, फळासाठीची) या दोन छाटण्या दोन्हीकडे आहेत, कारण आपल्याकडे वेल थंडीत पूर्ण झोपत नाही. (म्हणूनच फ्रान्सच्या पुस्तकातलं एका छाटणीचं कॅलेंडर इथे कुचकामी. ते जसंच्या तसं शिकवणारा कोर्स असेल तर तो सोडलेलाच बरा, इथे आपलं माझं एकमत.) पण थॉमसनचा फळाचा डोळा (कोंब फुटण्याची जागा) काडीवर वर असतो, म्हणून ऑक्टोबरात काडी लांब ठेवतात. कॅबर्ने, शिराझच्या बुडाच्या डोळ्यांतही घड असतो, तिथे ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) दोन-तीन डोळे ठेवले की पुरे. सवयीने सात-आठ ठेवले की कॅनॉपी (पानांचा पसारा) दाट होते, सावलीत मण्याला रंग येत नाही, भुरी (पांढरी बुरशी) हटत नाही आणि मग गंधकाची फवारणी तोडणीपर्यंत चालू राहते.

त्या गंधकाचंच सांगतो. सालीवर राहिलेलं गंधक यीस्ट हायड्रोजन सल्फाइडमध्ये बदलतं आणि टाकीला सडक्या अंड्याचा वास सुटतो. म्हणून वाइनच्या बागेत तोडणीआधी पाचेक आठवडे गंधक बंद. पण नेमका हाच वास यीस्टला नायट्रोजन कमी पडला तरी येतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत वास आला तर डीएपी (नायट्रोजन देणारं डायअमोनियम फॉस्फेट; फूड ग्रेड, खताच्या गोणीतलं 18:46 नव्हे) देऊन आणि हवा दाखवून सुटतो. साधारण अर्धी साखर संपल्यावर डीएपी घातलं तर अल्कोहोलमुळे यीस्ट ते नीट उचलत नाही आणि शिल्लक नायट्रोजनवर नको ते जिवाणू पोसले जातात. मग वास कशाने आला, हे ठरवणार कोण? बाग माहीत असलेला एकटा नाही ठरवू शकत, टाकी माहीत असलेलाही नाही. दोन्ही शिकवणारा कोर्स म्हणूनच सुचवला होता.

'रस काढायचा आणि यीस्ट टाकायचं.' बरं, टाका. 100 लिटरला 20-25 ग्रॅम सुकं यीस्ट, दसपट पाण्यात, पाणी 38 ते 40 अंश, वीस मिनिटं. आता ते गरम मिश्रण कोल्डस्टोरेजमधून काढलेल्या 12 अंशांच्या रसात ओता आणि अर्धं यीस्ट मारून बसा. दोन्हींतला फरक दहा अंशांच्या आत येईपर्यंत थोडा-थोडा रस मिसळत मिश्रण खाली आणायचं असतं. त्याआधी केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, रसातले नको ते जंतू रोखणारी पावडर). 500 लिटर रसात 50 पीपीएम (लिटरला 50 मिलिग्रॅम) सल्फर डायऑक्साइड हवा म्हणजे 25 ग्रॅम वायू. पावडरीत तो 57 टक्केच असतो, म्हणून पावडर 44 ग्रॅम. गेल्या वर्षीचा उघडा डबा असेल तर त्याहून कमी ताकदीचा, मग हिशेबच चुकला. तयार वाइनमध्ये हा वायू किती मोकळा ठेवायचा, तेही पीएचवर (आम्लता कमी तेवढा पीएच जास्त). 3.2 ला साधारण 21 पीपीएम पुरतो, 3.5 ला 40 लागतो, 3.8 ला जवळपास 80. आपल्याकडच्या उन्हात मार्चपर्यंत माल वेलीवर ठेवला की आम्लता घसरते आणि पीएच 3.8 च्या दिशेने पळतो. तेव्हा 'अजून थोडी गोडी येऊ दे' म्हणणारा बागायतदार टाकीवाल्याच्या गळ्यात काय बांधतो, ते यावरून कळावं.

आपल्या खिशातला ब्रिक्स मीटरही घ्या. काचेवर थेंब, झाकण खाली, उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्या रेषेचा आकडा वाचायचा. बागेत तो खरं बोलतो. टाकीत फर्मेंटेशन सुरू झालं की खोटं, कारण अल्कोहोलही प्रकाश वाकवतं. 24 ब्रिक्सने सुरू केलेली वाइन पूर्ण कोरडी झाली तरी काचेवर रेषा आठाच्या आसपासच थांबते. मग साखर शिल्लक राहिली, फर्मेंटेशन अडकलं असं समजून पुन्हा यीस्ट, पुन्हा डीएपी, टाकी तापव, आणि दोन आठवड्यांत चांगली वाइन बिघडलेली. तिथे हायड्रोमीटर (द्रवात तरंगवून घनता मोजायची नळी) लागतो, तोही गॅस झटकून, कारण बुडबुडे त्याला वर उचलतात. ही चूक तीन पिढ्यावाला सर्वांत आत्मविश्वासाने करतो, हे अनुभवाने सांगतो. वाईट वाटलं तर वाटो.

आणि हो, घरी ड्रमात करून बघण्याचा विचार असेल तर महाराष्ट्रात परवान्याशिवाय वाइन करणं दारूबंदी कायद्यात बसत नाही, 1949 पासून. त्याहून तातडीचं म्हणजे एक लिटर रस साधारण 50 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि तो जमिनीलगत साचतो. बंद खोलीत रिकाम्या टाकीत डोकं घालणारा माणूस ओरडायच्या आत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही. कोर्समध्ये पहिल्या दिवशी हे सांगत नसतील तर फी परत मागा.

फी आणि नोकरीचं विचारलंत. कोर्सगणिक दोन्ही बदलतं, चौकशी ज्याची त्याने करावी. मूळ लेखाचा तो विषय नव्हता. फक्त कापणीच्या काळात, जानेवारी ते मार्च, प्रत्यक्ष वायनरीत उभं करत नसतील तर तिथे पैसे भरू नका. जूनमध्ये सुरू होऊन डिसेंबरात संपणाऱ्या कोर्सला टाकीत द्राक्ष पडताना दिसणारच नाही.

मूळ लेखात मार्चचा एप्रिल केला आहे.