बाटलीत काय आहे ते नीट सांगा ना!

इंटरनेटवर घरगुती सफाईच्या टिप्स देणाऱ्या अमेरिकनांचा मला भयंकर राग येतो. म्हणे, ‘कीबोर्ड रबिंग अल्कोहोलने पुसा.’ अहो, इथे इंग्लंडच्या दुकानात त्या नावाची बाटली सहसा दिसतच नाही! मग कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, सर्जिकल स्पिरिट घे, एकच आहे. एकच कसं? अमेरिकेतलं बहुतेक वेळा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. इथलं सर्जिकल स्पिरिट मुख्यतः इथेनॉल, त्यात त्वचेसाठी थोडं एरंडेल. स्पिरिट उडून जातं आणि कीजवर चिकट, तेलकट थर बसतो. पुसा परत!

पॅराफिनचं तर विचारूच नका. ब्रिटनमध्ये पॅराफिन म्हणजे आपलं रॉकेल. अमेरिकेत तेच मेणबत्तीचं मेण. आणि ब्रिटनमध्येच लिक्विड पॅराफिन म्हणजे पोट साफ करायचं औषध! जाळायचं तेल आणि प्यायचं औषध यांची नावं इतकी सारखी? हे जिवावर बेतू शकतं, तरी कोणाला काही पडलेली नाही.

स्वयंपाकघरातही तेच. आपण ब्रिटिशांसारखं कॉर्नफ्लोअर म्हणतो. अमेरिकेत कॉर्नस्टार्च मागावं लागतं, कारण तिथलं कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं बारीक पीठ. ते घातलं की मंचुरियनच्या ग्रेव्हीची पार वाट लागते. ती चकाकी नाही, तो दाटपणा नाही. रेसिपी लिहिताना देशाचं नाव टाकायला असे किती कष्ट पडतात?