म्युनिक ते पॅरिस व्हाया एक्सेल

आईबाबा नाशिकहून म्युनिकला आले की पहिला आठवडा जेटलॅग आणि चहात जातो आणि दुसऱ्या आठवड्यात बाबा विचारतात, मग पॅरिसचं काय ठरवलंय? पॅरिस बघायचं यावर कुणाचं दुमत नाही हो, सगळा राडा आहे तो जायचं कसं यावर.

बाबा विमानवाले. दीड तासात पोचतो म्हणे. आता हा दीड तास कसा असतो ते इथे राहणाऱ्याला विचारा. घरून बॅगा ओढत एस-बान म्हणजे इथली लोकल गाठा, मेन स्टेशनपासून विमानतळापर्यंतच चाळीसेक मिनिटं जातात, दोन तास आधी पोचायचं, पट्टा काढा बूट काढा, पलीकडे पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरलात की नुसतं चालत राहा, बॅगेची वाट बघा, मग आरईआर, म्हणजे तिकडची लोकल, पकडून शहरात. सहा तास कुठे गेले कळत नाही. थेट ट्रेन मिळाली तर पावणेसहाच्या आसपास तासांत ती गार द लेस्त स्टेशनला, म्हणजे भर पॅरिसात नेऊन सोडते. पण थेट गाड्या मोजक्याच, नाहीतर मध्ये स्टुटगार्ट वगैरे बदला, आणि स्टुटगार्टचं नवीन स्टेशन 2010 पासून बांधतायत, 2019 ला होणार होतं, तोवर प्लॅटफॉर्म गाठायला ती लांबलचक तात्पुरती वाट तुडवायची.

अजून स्वस्तात जायचंय? आहे ना, म्युनिक वेस्ट नावाचं विमानतळ, जे मेमिंगेनला आहे, शंभर किलोमीटरच्या पलीकडे. पॅरिसच्या बाजूला तसंच बोव्हे, तेही ऐंशीच्या वर. म्हणजे मुंबईचं तिकीट देऊन लोणावळ्याला उतरवायचं आणि वर बसचे पैसे वेगळे.

आईचं मत मात्र पक्कं होतं, ट्रेन. कारण डबा. मागच्या खेपेला विमानाने गेलो तेव्हा तिच्या डिंकाच्या लाडवांनी सिक्युरिटीचा पट्टाच थांबवला होता. स्कॅनरमध्ये ते गोल घट्ट गोळे बघून तिथल्या माणसाने डबा बाजूला घेतला, हातमोजे घातले, पांढऱ्या कापडाची पट्टी एकेका लाडवावरून हळूच फिरवली आणि मशीनमध्ये घातली. स्फोटकं निघाली नाहीत. आई म्हणाली, "घे की रे एक." त्याने मान हलवली, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्याने लाडू नाकारला याचं तिला अजून वाईट वाटतं, तपासला त्याचं काही नाही.

शेवटी बायकोने एक्सेल काढलं. विमानाच्या कॉलममध्ये जाहिरातीतला आकडा, मग बॅगेचे, मग चौघांना शेजारी बसायचंय त्याचे, मग दोन्हीकडच्या लोकलचे. ट्रेनच्या कॉलममध्ये एकच आकडा पण असला तगडा की बाबा चष्मा काढून पुसायला लागले. त्यात विमानाच्या इंधनावर इथे कर नाही आणि ट्रेनच्या तिकिटावर जर्मनीतल्या प्रवासापुरता का होईना पण आहे, हे कळल्यावर तर ते पेटलेच. फ्रान्सने 2021 चा कायदा 2023 ला लागू करून पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून लिऑं, नांत, बोर्दोची विमानं बंद केली, कारण ट्रेन अडीच तासांच्या आत पोचवते. आमचं घर तेवढं जवळ असतं तर फ्रेंच सरकारनेच भांडण मिटवलं असतं.

मग बाबांना नुकसानभरपाईचे नियम सापडले. विमान तीन तासांहून जास्त लेट झालं आणि चूक कंपनीची असली तर एवढ्या अंतराला माणशी 250 युरो. ट्रेन तासभर लेट असेल तर तिकिटाचे 25 टक्के परत, दोन तास असेल तर 50. "म्हणजे उशीर झाला तर फायदाच की," म्हणाले. आयुष्यभर पंचवटी एक्सप्रेसला शिव्या घातलेला माणूस.

काढली एकदाची ट्रेनची तिकिटं. बाबांची विंडो सीट अशी निघाली की शेजारी खिडकीच नाही, नुसती प्लास्टिकची भिंत, सहा तास तिच्याकडे बघायचं. आईने आउग्सबुर्ग यायच्या आत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, समोरच्या बाईने लॅपटॉप थोडा मागे घेतला, अर्ध्या तासाने तीच चटणीबद्दल विचारत होती. ऱ्हाईन नदीचा पूल आला, पलीकडे फ्रान्स म्हणून मी सगळ्यांना उठवलं, बाबा चष्मा शोधेपर्यंत देश बदलून झाला होता.

पण बाबांचं लक्ष नदीत नव्हतंच, ते डब्यातल्या स्क्रीनवर होतं. गाडी रखडत रखडत आली होती आणि स्ट्रासबुर्गला चक्क 63 मिनिटं लेट. बाबांनी कागदावर चार तिकिटांचे 25 टक्के काढले, आईला दाखवले, त्या पैशात संध्याकाळी कुठे जेवायचं तेही ठरलं. आणि मग ती बया सुटली. स्ट्रासबुर्ग-पॅरिस हा 320 च्या स्पीडचा मार्ग, 2007 ला याच रुळांवर 574.8 चा विक्रम झालाय, हे मी कौतुकाने सांगायला गेलो तर बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प. बाहेर शेतं पळतायत, स्क्रीनवर 61, मग 60, आणि बाबा पुटपुटतायत, "अरे कशाला पळवतोय हा! कुणाला घाई आहे?"

गार द लेस्तला उतरलो तेव्हा 57 मिनिटं. सगळा डबा ड्रायव्हरवर खूश. बाबांनी तो कागद चार घड्या करून खिशात घातला, बॅग उचलली आणि मला म्हणाले, "परतीचं विमानाचं बघ. ते तरी धड लेट होतं."